काकू, प्लस करायचं का मायनस?

चंदीगडात मराठी घरं विखुरलेली आहेत. कुणी चंडीमंदिरच्या लष्करी वसाहतीत, कुणी पीजीआय रुग्णालयाच्या क्वार्टर्समध्ये, कुणी बँकेच्या बदलीवर दोन-तीन वर्षांपुरतं आलेलं. गणपतीत आणि संक्रांतीला सगळे भेटतात, एरवी ज्याचा त्याचा सेक्टर. आमच्या घरी मात्र शनिवारी दुपारी मुलं येतात. तिसरी ते पाचवीची, आपल्या मराठी घरांतली आणि शेजारच्या पंजाबी घरांतलीही. हा काही क्लास नाही. पोहे किंवा बेसनाचा लाडू खाता खाता वह्या उघडतात, एवढंच. त्या वह्यांतून बहुतेक वेळा एकाच जातीची गणितं निघतात: शाब्दिक उदाहरणं. बेरीज, वजाबाकी, हातचे, पाढे यांत ही मुलं तयार असतात. दोन ओळींचा मजकूर आला की तीच मुलं पेन्सिल खाली ठेवतात आणि विचारतात, "काकू, प्लस करायचं का मायनस?" शेजारचा सरदारांचा मुलगा विचारतो, "आंटीजी, प्लस करना है कि माइनस?" या एका प्रश्नाने मला जे शिकवलं ते इथे मांडते आहे.

१. हा प्रश्न विचारणारं मूल आळशी नसतं, ते घाबरलेलं असतं. मजकुरात शिरलो तर हरवू, अशी त्याला भीती वाटते. मग ते दोन आकडे उचलून लवकरात लवकर बाहेर पडायला बघतं. म्हणून मी आकडेच झाकते. कागदाच्या पट्ट्या कापून ठेवल्या आहेत, त्या आकड्यांवर ठेवायच्या. मग उरतं ते असं: एका बसमध्ये काही माणसं होती, सतरा सेक्टरच्या स्टँडवर काही उतरली, काही चढली, आता बसमध्ये किती? आकडे गेले की करण्यासारखं काही उरत नाही आणि मूल बोलायला लागतं. एका तिसरीतल्या मुलीने विचारलं, "जास्त जण उतरले असतील की चढले?" तेच तर हवं होतं! पहिल्यापेक्षा बस रिकामी होणार की भरणार, हे कशावर ठरतं ते तिला आकड्यांशिवायच कळलं होतं. पट्ट्या काढल्यावर तिने बेरीज-वजाबाकी कुणालाही न विचारता केली. आजही कुठलंही मूल अडलं की मी पहिल्यांदा पट्ट्या शोधते.

२. मुलं आपल्यावर फार विश्वास ठेवतात. फ्रान्समध्ये ग्रनोब्लच्या गणित-शिक्षण संस्थेने १९८० च्या सुमारास प्राथमिक शाळेतल्या ९७ मुलांना विचारलं होतं: जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचं वय किती? त्यांतल्या ७६ मुलांनी दिलेल्या आकड्यांचीच काहीतरी जुळणी करून वय सांगितलं. मी हे वाचलं तेव्हा परक्या देशातली गंमत वाटली. नंतर आमच्या मुलांना सुखना तलावाचं उदाहरण घातलं: तलावावर १२ होड्या आणि ८ बदकं आहेत, तर नावाड्याचं वय किती? वीस, असं पटापट उत्तर आलं. चौथीतला एक मुलगा थोडा थांबला आणि त्यानेही वीसच लिहिलं. का, असं विचारल्यावर तो म्हणाला, "तुम्ही विचारलंय म्हणजे उत्तर असणारच ना." या वाक्याने मी बराच वेळ गप्प होते. मोठी माणसं निरर्थक प्रश्न विचारत नाहीत, पुस्तकात छापलेल्याला उत्तर असतंच, हा त्याचा विश्वास आहे. तो विश्वास मोडायचा नाही, पण "या माहितीवरून सांगता येत नाही" हेही एक सन्मानाचं उत्तर आहे, हे त्याला कळायला हवं. तेव्हापासून आमच्याकडे दर शनिवारी एखादं न सुटणारं उदाहरण असतं. कोणतं ते मी सांगत नाही. मुलं आता प्रत्येक उदाहरणाकडे जरा रोखून बघतात.

३. चंदीगडच्या मराठी मुलाच्या डोक्यात तीन भाषा नांदतात आणि उदाहरण त्या तिन्हींतून फिरून येतं. घरी मराठी, बागेत हिंदी-पंजाबी, पुस्तक इंग्रजी. 'हाऊ मेनी मोअर' असं पुस्तक विचारतं तेव्हा मुलाच्या कानावर फक्त 'हाऊ मेनी' पडतं. मग ज्याच्याकडे जास्त आहे त्याच्याकडचा आकडा ते सरळ लिहून मोकळं होतं. 'ईच' या एवढ्याशा शब्दावर तर किती गुणाकार अडकतात! पाच डब्यांत प्रत्येकी सहा लाडू, असं म्हटलं की आमच्या मुलांना डबे दिसतात. म्हणून मी उदाहरण वाचून झाल्यावर पुस्तक मिटायला लावते आणि घरच्या बोलीत गोष्ट सांगायला लावते. मराठी मुलाने मराठीत, पंजाबी मुलाने पंजाबीत. मला पंजाबी सगळी कळत नाही, पण गोष्ट सांगताना मूल कुठे अडखळलं ते कळतं, आणि तेवढं पुरतं. ज्या जागी ते अडखळतं तिथेच त्याचं गणितही चुकणार असतं. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावं असं म्हटलं आहे. इथल्या शाळेत मराठी कोण शिकवणार? पण संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मराठीत गोष्ट सांगायला कुणाची हरकत नाही. आपली भाषा टिकावी म्हणून आपण मुलांना श्लोक पाठ करायला लावतो, नाटुकली बसवतो. हिशेबही मराठीत बोलू द्या.

४. शब्दांच्या खुणा शिकवणं मला पटत नाही. 'एकूण' म्हणजे बेरीज, 'उरले' म्हणजे वजाबाकी, 'जास्त' म्हणजे बेरीज, असे तक्ते भिंतीवर लावलेले मी पाहिले आहेत. ते पहिल्या दहा उदाहरणांना चालतात. अकरावं असं येतं: रियाकडे १२ गोट्या आहेत. त्या आरवच्या गोट्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. आरवकडे किती? 'जास्त' दिसलं, मुलाने १७ लिहिले. त्याने तक्त्याचं अगदी निमूटपणे ऐकलं, म्हणूनच ते चुकलं. मी तिथे एकच विचारते: "दोघं समोर उभे राहिले तर कुणाचा खिसा जड?" रियाचा, असं मूल लगेच सांगतं. मग आरवचे सतरा कसे होतील, हे त्याचं त्यालाच खटकतं.

५. भागाकारात उरलेली बाकी म्हणजे काय, हे गणित सांगत नाही, गोष्ट सांगते. मला वाटतं प्राथमिकच्या सगळ्या शाब्दिक उदाहरणांतलं हे सर्वांत सुंदर आणि सर्वांत दुर्लक्षित प्रकरण आहे. ५० भागिले ८: भागाकार ६, बाकी २. आता ऐका. छतबीरचं प्राणिसंग्रहालय बघायला ५० मुलं निघाली, एका गाडीत ८ बसतात, तर गाड्या किती लागतील? सात. पन्नास सेंटिमीटरच्या रिबिनीतून ८ सेंटिमीटरचे तुकडे कापले, तर पूर्ण तुकडे किती? सहा. पन्नास पेढे आठ डब्यांत सारखे भरले, उरलेले आजीला दिले, तर आजीला किती? दोन. पन्नास रुपये आठ जणांनी सारखे वाटून घेतले, तर प्रत्येकाला किती? सव्वासहा रुपये. भागाकार एकच, उत्तरं चार, आणि चारही बरोबर! हे मुलांसमोर पहिल्यांदा ठेवलं तेव्हा पाचवीतली एक मुलगी जवळजवळ रागावलीच. "असं कसं? गणिताचं उत्तर एकच असतं." तिची ती हरकत मला फार मोलाची वाटते, कारण ती खरोखर विचार करत होती.

ही अडचण आपल्याच मुलांची आहे असं समजू नका. अमेरिकेत १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेरा वर्षांच्या मुलांच्या राष्ट्रीय चाचणीत असंच उदाहरण होतं: ११२८ सैनिक, एका बसमध्ये ३६, तर बस किती? भागाकार ३१, बाकी १२. सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. पण ३२ बस असं उत्तर फक्त २३ टक्क्यांनी दिलं. २९ टक्क्यांनी '३१ बस, बाकी १२' असं लिहिलं. त्या बारा सैनिकांचं काय झालं, हे त्यांतल्या कुणी पाहिलंच नाही. चंडीमंदिरहून येणाऱ्या आमच्या एका मुलाला हे सांगितलं. त्याचे वडील फौजेत. तो लगेच म्हणाला, "बारा जणांना मागे ठेवून कुणी निघत नाही." ज्याला सैनिक माहीत आहेत त्याला बत्तिसावी बस आपोआप दिसली.

६. चित्र काढू द्या, आणि चित्र वाईट आलं तरी चालू द्या. सुरुवातीला मुलं आंबा म्हटलं की पानासकट, देठासकट आंबा काढतात, आणि तसले चोवीस आंबे काढता काढता दुपार संपते. हळूहळू आंब्याचा गोळा होतो, गोळ्याचा ठिपका होतो, शेवटी एक लांब चौकट उरते. तिथवर मूल आपल्या पायांनी यायला हवं. सिंगापूरच्या शाळांत १९८० च्या दशकापासून अशा चौकटींवरच शाब्दिक उदाहरणं शिकवतात. आईचं वय मुलाच्या चौपट, दोघांचं मिळून ४५. मुलाची एक चौकट, आईच्या चार, एकूण पाच चौकटी म्हणजे ४५, तर एक चौकट ९. मुलगा नऊ, आई छत्तीस. हे चौथीचं मूल स्वतः करतं. अनेक वडील मंडळी मात्र इथे 'समजा क्ष' काढून बसतात. त्यांचा क्ष बरोबरच असतो. पण नऊ वर्षांच्या मुलाला दिसते ती चौकट. क्ष त्याच्या वाट्याला पुढे यायचाच आहे.

७. आपण फार लवकर बोलतो. अमेरिकेतल्या मेरी बड रो या अभ्यासक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून मोजलं: प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. तीन सेकंद थांबले तरी मुलांची उत्तरं लांब होतात, जास्त मुलं बोलतात. आमच्याकडे मूल विचारात पडलं की मी ओट्यावरचं काहीतरी करायला उठते. मी समोर बसले तर माझ्या चेहऱ्यावर उत्तर शोधलं जातं.

८. हिशेब येणं आणि उदाहरण सोडवता येणं यांत एक दरी आहे, आणि ती मी 'अपनी मंडी'त पाहिली. चंदीगडात शेतकरी आपला माल घेऊन ठरल्या वारी ठरल्या सेक्टरात बसतात, त्या बाजाराला इथे अपनी मंडी म्हणतात. तिथे एक दहा-अकरा वर्षांची मुलगी आईबरोबर मटार आणि गाजरं विकते. पाऊण किलो मटार, दीड किलो गाजर, पाचशेची नोट. ती आपला हात गल्ल्यात घालेपर्यंत उरलेले पैसे तिच्या ओठांवर असतात. तिलाच मी एकदा तिच्या वहीतलं उदाहरण विचारलं. कुणी रमेश होता, त्याने काही मीटर कापड घेतलं होतं. आकडे मंडीतल्यापेक्षा सोपे होते. ती वहीकडे बघत राहिली.

ब्राझीलमध्ये रेसिफे शहरात १९८० च्या दशकात तेरेझिन्या नुनेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावर नारळ-फळं विकणाऱ्या मुलांचा असाच अभ्यास केला. विक्री करताना त्यांचे ९८ टक्क्यांहून अधिक हिशेब बरोबर आले, तेच शाब्दिक उदाहरण म्हणून दिल्यावर सुमारे ७४ टक्के, आणि नुसते आकडे कागदावर मांडल्यावर जेमतेम ३७ टक्के. अलीकडे, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतली मुलं आढळली ती तशीच: बाजारातले गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी अचूक, शाळेची साधी गणितं अवघड. आणि बाजारात काम न करणाऱ्या शाळकरी मुलांचं नेमकं उलट. म्हणजे दरी दोन्ही बाजूंनी आहे. आमच्या घरी येणारी, सगळं काही असलेली मुलं मंडीत नोट हातात घेऊन गोंधळतात. म्हणून आता भाजी घ्यायला जाताना मी एखाद्या मुलाला बरोबर नेते आणि पैसे त्याच्या हातात देते. घरी येऊन तोच व्यवहार दोन ओळींत लिहायचा. लिहिताना त्याला कळतं की शाब्दिक उदाहरण म्हणजे घडून गेलेल्या एका गोष्टीचं टिपण आहे. एनसीईआरटीच्या आधीच्या 'मॅथ-मॅजिक' पुस्तकांना हे उमगलं होतं. त्यांत चौथीचा पहिला धडा विटांच्या रचनांवर होता आणि पाचवीचा मासेमारीवर. आता त्या जागी 'मॅथ्स मेला' आलं आहे. पुस्तक कुठलंही असो, मंडी आपल्या दारात आहे.

९. ज्या गावात राहतो ते गाव गणिताने भरलेलं असतं, आणि चंदीगडच्या बाबतीत तर हे शब्दशः खरं आहे. ल कॉर्ब्युझिएने आखलेला एक प्रमाण सेक्टर १२०० मीटर लांब आणि ८०० मीटर रुंद. त्याला बाहेरून एक फेरी मारली की बरोबर चार किलोमीटर. परिमिती शिकताना पुस्तकातलं 'एक आयताकृती मैदान' कशाला हवं? सकाळी आजोबांबरोबर चालून या.

झाडांचं ते प्रसिद्ध उदाहरण घ्या. १०० मीटर रस्त्याच्या कडेला, दोन्ही टोकांसह, दर १० मीटरवर एक झाड लावलं, तर झाडं किती? मुलं दहा म्हणतात, अनेक मोठेही दहा म्हणतात. उत्तर अकरा. पण तीच झाडं राउंडअबाउटच्या गोल कडेने लावली, आणि कडेची लांबी तेवढीच १०० मीटर असली, तर झाडं दहाच. या शहरात झाडांनी भरलेले सरळ रस्ते आणि राउंडअबाउट दोन्ही चिक्कार. एकदा जाऊन बोटाने मोजलं की सरळ रेषेला दोन टोकं असतात आणि वर्तुळाला टोक नसतं, हे पायांना कळतं. नियम सांगायची वेळच येत नाही.

आणि सेक्टरांचे आकडे! नकाशा जमिनीवर पसरून मुलांना सांगायचं, डोंगराच्या बाजूने खाली या आणि समोरासमोरच्या दोन सेक्टरांची बेरीज करा. ४ च्या खाली ९, बेरीज १३. ९ च्या खाली १७, बेरीज २६. १७ च्या खाली २२, बेरीज ३९. शेजारच्या रांगेत बघा: ३ आणि १०, १० आणि १६, १६ आणि २३, पुन्हा तेच १३, २६, ३९. मुलं वेडी होतात. पुढे २२ च्या खाली ३५ येतो, बेरीज ५७, आणि तेराचा पाढा तुटतो. इथे बरीच मुलं हिरमुसतात. आमच्यातला एक मुलगा तसाच बघत राहिला आणि म्हणाला, "पण पस्तिसातून बावीस गेले तर तेरा!" खरंच, या दोन सेक्टरांमधला रस्ता, म्हणजे दक्षिण मार्ग, ओलांडताना बेरीज नाही, वजाबाकी तेरा येते: २१ खाली ३४, २३ खाली ३६. आणि पुढच्या ओळीत ३५ अधिक ४३ म्हणजे ७८, सहा तेरा अठ्ठ्याहत्तर. पाढा परत आला! मग सगळे मिळून कारण शोधायला बसलो. शेतात नांगर जसा एका टोकाला वळून उलटा येतो तसे वरच्या चार ओळींतले आकडे फिरले आहेत: एक ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. म्हणून एका दिशेने जाताना वरचा आकडा जितका वाढतो तितका खालचा घटतो आणि बेरीज ढळत नाही. दक्षिण मार्गाच्या दोन्ही बाजूंच्या ओळी मात्र एकाच दिशेने धावतात, म्हणून तिथे फरक ढळत नाही. मूळ आखणीत तेरा नंबरचा सेक्टरच नव्हता, आणि तरी सगळीकडे तेराच भरून राहिला आहे. या शहरात जन्मलेल्या मुलांनाही हे ठाऊक नव्हतं, मलाही नाही. आम्हाला ते एकत्र सापडलं, आणि त्या दुपारी कुणीही प्लस का मायनस असं विचारलं नाही. दोन्ही करून बघितलं.

१०. आजी-आजोबा आले की उदाहरणांना धार येते. सांगली जिल्ह्यातून एका मुलाचे आजोबा थंडीत इथे राहायला आले होते. ते शेत गुंठ्यांत सांगायचे, शेजारचा मुलगा आपल्या नानाजींचं शेत कनाल-मरल्यांत सांगायचा, आणि दोघांना एकमेकांचं काही कळेना. एकर दोघांना माहीत होता. एकराचे ४० गुंठे. पंजाबात एकराचे ८ कनाल आणि एका कनालाचे २० मरले. मुलांनी एकमान पद्धतीने काढलं: एक कनाल म्हणजे बरोबर ५ गुंठे, एक गुंठा म्हणजे बरोबर ४ मरले. आजोबांचं अडीच एकर म्हणजे १०० गुंठे, म्हणजे २० कनाल. इतकं चोख उत्तर आल्यावर आजोबा खूश झाले आणि त्यांनी निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी म्हणून दाखवली. पाढे अपूर्णांकांचेही असतात, हे ऐकून सरदारांच्या मुलाने ती वहीत गुरुमुखीत उतरवून घेतली.

११. ताळा पाहणं म्हणजे तेच गणित पुन्हा करणं असं मुलांना वाटतं. मी म्हणते, उत्तर घेऊन गोष्टीत परत जा. जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये उदाहरण सोडवण्यावर जे प्रसिद्ध पुस्तक लिहिलं त्यात चार टप्पे सांगितले आहेत: समजून घेणं, बेत आखणं, तो पार पाडणं आणि मागे वळून पाहणं. चौथा टप्पा घराघरांत गळतो, कारण तोवर जेवायची वेळ झालेली असते. मुलीची उंची १३ मीटर आली, पेन्सिलीची किंमत ४०० रुपये आली, तर मागे वळून बघताच मुलं स्वतःच दचकतात. आणि उत्तराखाली नुसता आकडा नको, पूर्ण वाक्य हवं: 'सात गाड्या लागतील.' वाक्य लिहिताना निम्म्या चुका हाती लागतात.

१२. ज्याला उदाहरण रचता येतं त्याला ते सोडवता येतं, यावर आता माझी श्रद्धा बसली आहे. आपल्या मराठी माणसांना तर ही परंपराच आहे. भास्कराचार्यांची लीलावती ११५० ची. त्यांचे नातू चांगदेव यांनी तेराव्या शतकाच्या सुरुवातीला आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, तसा शिलालेख चाळीसगावजवळ पाटणला आहे. लीलावतीतलं भुंग्यांचं उदाहरण मी पाचवीच्या मुलांना गोष्ट म्हणून सांगते. भुंग्यांच्या थव्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर, या दोन हिश्श्यांतल्या फरकाची तिप्पट कुटजावर, आणि एक भुंगा केतकी आणि मालतीच्या सुगंधांत घुटमळत राहिला. थवा किती भुंग्यांचा? मुलं म्हणतात, पाचाने आणि तिनाने भाग जाणारा आकडा हवा, म्हणजे पंधरा घेऊन बघू. तीन, पाच, सहा आणि एक. जमलं! पण मुलांच्या लक्षात राहतो तो एकटा भुंगा. एका मुलीला तो मागे का राहिला याचंच पडलं होतं. साडेआठशे वर्षांपूर्वी भास्कराचार्यांनी एवढं सुगंधी कोडं रचलं ते उगाच नाही; त्यांना माहीत होतं की ऐकणाऱ्याचं मन भुंग्यात गुंतलं की पंधरा सापडेपर्यंत ते हटणार नाही.

मग मुलं आपली उदाहरणं रचतात. त्यांत रॉक गार्डनचे बांगड्यांच्या तुकड्यांचे पुतळे असतात, गुलाबबागेतले माळी असतात, ट्यूशनला उशीर झालेली दीदी असते, मुंबईहून येणारे मामा आणि त्यांनी आणलेल्या चितळ्यांच्या बाकरवडीची पाकिटं असतात. काही उदाहरणं सुटत नाहीत, कारण रचणारा एक गोष्ट सांगायला विसरलेला असतो. तेव्हा दुसरं मूल विचारतं, "पण पाकिटात बाकरवड्या किती, ते कुठे लिहिलंयस?" उदाहरणात काय असावं लागतं हे त्या एका प्रश्नात आलं.

तुमच्या घरी तिसरी-चौथीतलं मूल असेल, तर येत्या रविवारी त्याला एक उदाहरण रचायला सांगा. विषय त्याचा, आकडे त्याचे, भाषा घरची. आणि ते त्याच्यासमोर बसून, मोठ्याने बोलत, चित्र काढत तुम्ही सोडवा. तपासायचं काम त्याच्याकडे द्या.